देव पाण्यात

दीर : वहिनी, बरेच दिवस विचारीन म्हणतोय, रागावू नका. दादा दवाखान्यात होता ते अकरा दिवस तुम्ही देव पाण्यात ठेवले होते. २०२१ चा मे महिना. तुम्ही स्वतः तापानं आतल्या खोलीत पडून होता आणि दाराआडून मला सांगत होता, ‘भाऊजी, घंगाळातलं पाणी बदला.’ अंबाबाईची पितळी मूर्ती, जोतिबाचा टाक, रांगता बाळकृष्ण, सगळे तांब्याच्या घंगाळात बुडालेले. मी रोज पाणी बदललं. माझा विश्वास नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, पण घरात चालता-फिरता मी एकटाच उरलो होतो. बाराव्या दिवशी दादा गेला. सुतकात आपल्याला देवाला हात लावता येईना, म्हणून शेजारच्या काकूंनी देव बाहेर काढले, पुसले, देव्हाऱ्यात मांडले. सुतक फिटलं त्या संध्याकाळी तुम्ही दिवा लावलात. तो आजतागायत लागतोय. ज्यानं ऐकलं नाही त्याच्यापुढं दिवा कशाला?

वहिनी : ऐकलं नाही हे तुमचं म्हणणं. मला एवढंच माहीत आहे की दिलं नाही. या दोन गोष्टी मी एक धरत नाही. एकतीस वर्षं शाळेत गेली माझी. वर्गात साठ पोरं आणि साठ मागण्या. बाई मला पुढं बसवा, बाई आज लवकर सोडा, बाई वडिलांना सांगू नका. किती जणांना मनासारखं दिलं असेल मी? पण ज्याला मिळालं नाही तोही जागेवर जाऊन बसायचा तेव्हा त्याचं तोंड बदललेलं असायचं. बाईंच्या कानावर घातलंय, एवढ्यावर त्याचं निम्मं ओझं उतरायचं. कानावर घालणं ही काही फुकटची गोष्ट नाही. आणि मी शांतपणे सगळं सोसलं असंही समजू नका. सुतकाचे ते दिवस मी त्याच्याशी चकार शब्द बोलले नाही. सुतक होतं म्हणून नव्हे, राग होता म्हणून. मग एका रात्री लक्षात आलं की अबोला धरायलाही समोर कुणीतरी लागतं. भिंतीशी कुणी अबोला धरत नाही.

दीर : धरतो की. दादा गेल्यावर सहा महिने मी त्याच्या स्कूटरकडं बघितलं नाही. बोळातून जाताना मान वळवायचो. म्हणून स्कूटरला माझा राग कळला, असं मी म्हणणार नाही. माणूस रुसायला काहीही पुरतं, वहिनी. आणि तुमच्या वर्गातल्या पोराला बाई समोर दिसत होत्या, ‘हं, बघते’ म्हणत होत्या. इथं ‘हं’ सुद्धा नाही. माझी खरी अडचण वेगळीच आहे. मूल झालं तर देव पावला. नाही झालं तर त्याच्या मनात नव्हतं. उशिरा झालं तर त्यानं सत्त्व बघितलं. कुठलाही निकाल लागो, देव पासच. नापास होण्याची सोयच नाही अशा परीक्षेला तुम्ही शाळेत परीक्षा म्हणाला असता का? आपली भाषाच बघा. नवस बोलायचा आणि मग फेडायचा, जसं सोसायटीचं कर्ज. देव पावतो आणि देवस्थानात पावती फाडतात. दोन्ही शब्द एकाच घरातले. देवळात नवसाचे चांदीचे डोळे, पाय, पाळणे बघतो आपण. ज्यांचं पोर जगलं ते पाळणा बांधायला परत आले. ज्यांचं गेलं, त्यांचा पाळणा कुठल्या देवळात टांगलाय? ते परत आलेच नाहीत, म्हणून हिशेबात धरले गेले नाहीत. उरलेल्यांचे पाळणे मोजून आपण म्हणतो, देव नवसाला पावतो.

वहिनी : मी परत आले होते.

दीर : म्हणजे?

वहिनी : तुम्हाला सांगितलं नव्हतं. आतल्या खोलीतून मी अंबाबाईला बोलले होते, हे आपल्या पायांनी चालत घरी आले तर साडीचोळीनं तुझी ओटी भरीन. ते आले नाहीत. देवळं तेव्हा करोनामुळं बंद होती. त्या वर्षी ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली. त्याच आठवड्यात मी गेले. खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, हिरवी साडी. नवस फिटायचा होता म्हणून नव्हे, तो लागूच झाला नव्हता. तुमच्या सोसायटीच्या भाषेत कर्ज मंजूरच झालं नव्हतं. पण घरी बसून मला माझ्याच बोलण्यातल्या एका शब्दाची लाज वाटायला लागली होती. ‘तर’. आले तर भरीन. तीस-पस्तीस वर्षं दर शुक्रवारी जिच्या दारात गेले, तिच्याशी मी ऐनवेळी मंडईत बोलतात तशी बोलले. तो ‘तर’ काढून टाकायला गेले होते. आता हे तुमच्या परीक्षेत कुठं बसवायचं ते तुम्ही बघा. निकाल उलटा लागला आणि तरी मी फी भरली.

(नवसाचा ‘तर’ आपल्याकडं फार वर्षं डिवचला गेला आहे. तुकोबांनी नवसाची टर उडवली, गाडगेबाबांनी कीर्तनात नवस करणाऱ्यांची भर गर्दीत उलटतपासणी घेतली. दोघांपैकी कुणी देव नाकारला नव्हता, हे मात्र त्यांचं नाव घेणारे दोन्ही बाजूंचे लोक सोयीनं विसरतात.)

दीर : हे मला खरंच माहीत नव्हतं. पण मग एक कबूल करा. त्या दिवशी तुम्ही काही मागितलं नाही. न मागता केलेल्या गोष्टीला प्रार्थना म्हणा, कृतज्ञता म्हणा, माझी हरकत नाही. तिथं ऐकणारा असला काय, नसला काय, फरक पडत नाही. प्रश्न मागणाऱ्यांचा आहे. आणि एक सांगा, ओटी भरायला गेलात तेव्हा रांगेत कुणी काही म्हटलं?

वहिनी : तोंडानं नाही. मागची बाई माझ्या कपाळाकडं बघत होती. मोकळं कपाळ आणि हातात ओटी. तिनं तिची परडी जरा बाजूला धरली, माझा पदर लागू नये म्हणून. मी बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं.

दीर : म्हणजे तुमचं मागणं वरपर्यंत पोचायच्या आधी कुंकवाची जकात. हेच तर मी म्हणतोय. या कोल्हापुरात प्रार्थनेचा इतिहास काढा, देव ऐकतो का हा प्रश्न मागं राहतो. कुणाचं ऐकायचं हे कोण ठरवतं, हा पुढं येतो. शाहू महाराज कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला जात. राजा छत्रपतींच्या घरातला, तरी भटजी त्याच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणत नव्हते, पुराणोक्त म्हणत होते. पुराणोक्ताला भटजीनं स्वतः आंघोळ करण्याचीही गरज नाही, असं उत्तर मिळाल्याचं सांगतात. राजा थंडीत कुडकुडत पाण्यात आणि त्याची प्रार्थना पोचवणारा कोरडा! त्यातून वेदोक्ताचं प्रकरण पेटलं, १९११ साली इथं सत्यशोधक समाज उभा राहिला, १९१३ मध्ये ब्राह्मणेतर पुरोहित तयार करायची शाळा निघाली. त्याच्याही आधी फुल्यांनी देवाला निर्मीक म्हटलं आणि सांगितलं, त्यानंच केलेली फुलं त्यालाच काय वाहता? मला ते पटतं. ज्यानं कान घडवले त्याला हाक मारायला एजंट लागत असेल, तर त्या कानात काहीतरी दोष आहे.

वहिनी : एजंटाबद्दल मी तुमच्याबरोबर आहे. भांडण असलंच तर तुमच्या पुढच्या वाक्याशी. मी ओटी भरली त्याच्या पुढच्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद. सगळ्या महाराष्ट्रात नाव झालं गावाचं. ठराव कुणी केला? गावानं. म्हणजे आधी तो नियमही गावानंच केलेला. अंबाबाईनं माझा नारळ कधी परत केला नाही, भाऊजी. परडी आवरून धरली ती माझ्यासारख्याच एका बाईनं. मधल्या माणसांची घाण तुम्ही देवाच्या अंगावर टाकता आणि मग म्हणता, बघा किती मळलाय. घाटावरच्या भटजीनं मंत्र बदलला म्हणून महाराजांचं म्हणणं पोचलं नसेल, असं तुम्हाला तरी वाटतं का?

दीर : कुणालाच पोचलं नाही असं मला वाटतं, पण तो भाग सोडा. माणसं बाजूला काढू आणि निव्वळ मागणं तपासू. तसं तपासून झालंय. अमेरिकेत हृदयाची बायपास झालेल्या १,८०२ रोग्यांवर प्रयोग केला, २००६ साली निकाल छापला. तीन गट. पहिल्यासाठी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. दोघांनाही सांगितलं की होईल किंवा होणार नाही. पहिल्यात ५२ टक्के लोकांना पुढं काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. तिसऱ्या गटाला सांगितलं, तुमच्यासाठी प्रार्थना होणारच आहे. त्यांच्यात ५९ टक्के! मला त्या निकालाचा आनंद झाला नाही, खरं सांगतो. पण एवढं मोठं काम कुणीतरी पैसे आणि वर्षं घालून केलं, तर त्याच्याकडं पाठ फिरवायची का?

वहिनी : प्रार्थना कुणी केली?

दीर : ख्रिस्ती प्रार्थना-मंडळं होती. चौदा दिवस. रोग्याचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर त्यांना कळवलेलं.

वहिनी : आद्याक्षर! अहो, आपल्या जोतिबाच्या डोंगरावर गुरव नाव विचारतो, गाव विचारतो, कुणाची लेक, कुणाची सून, ते विचारतो, मग हात जोडतो. चौदा दिवस एका आद्याक्षरासाठी बोलायचं आणि पंधराव्या दिवशी मोजपट्टी लावायची, याला मी तरी प्रार्थना म्हणणार नाही. ही चाचणी औषधाची झाली. देव म्हणजे गोळी, प्रार्थना म्हणजे मात्रा, रोगी म्हणजे आकडा. बरे होणारे वाढले असते तर तुम्ही उद्यापासून देवळात आला असता का? नाही. तुम्ही म्हणाला असता, मनाचा परिणाम. आणि ती ५९ टक्के माणसं मला चांगली कळतात. दवाखान्यात कुणी येऊन सांगितलं की सगळे तुमच्यासाठी देव पाण्यात ठेवून बसलेत, तर माणूस घाबरणारच, आपलं काही खरं नाही म्हणून. तुमच्या दादांना मी म्हणूनच सांगू दिलं नव्हतं.

दीर : ते खरं. संशोधकांनीही काहीसा तसाच तर्क केला होता. पण तुमच्या उत्तरातली पळवाट तुम्हालाही दिसतेय. मोजलं की ती प्रार्थना नव्हे, आणि जी प्रार्थना आहे ती मोजता येत नाही. बरं, एका माणसाची गोष्ट घेऊ, आकडा नको. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी पानसरे अण्णांवर या गावात गोळ्या झाडल्या. २० तारखेला ते गेले. ते चार दिवस...

वहिनी : ते चार दिवस मी अंबाबाईला साकडं घातलं होतं. त्यांना आवडलं नसतं, माहीत आहे मला. तरी घातलं.

दीर : आणि?

वहिनी : आणि काय? तुम्ही हे चार दिवस, ते अकरा दिवस असे पाढे म्हणत राहणार, मला माहीत होतं. म्हणून पाण्याचंच सांगते. नृसिंहवाडीला गेलात ना तुम्ही कधी पावसात? कृष्णा-पंचगंगेचा संगम. पाणी चढलं की उत्तरेच्या दारातून देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. दक्षिणद्वार सोहळा. लोक त्या गढूळ पाण्यात अंघोळ करायला लांबून येतात. आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर पुजाऱ्यांच्या घरी नेतात. मी लहानपणी आजीबरोबर पहिल्यांदा बघितलं. आपण घाबरलो की देवाला पाण्यात ठेवतो, वेठीला धरतो, बाहेर यायचं असेल तर आमचं काम कर. आणि तिथं देव दरवर्षी आपणहून पाण्यात. कुणाच्या कामासाठी नाही. मला अजून त्याचा अर्थ नीट लावता येत नाही. पण देव आणि माझं दुःख एकाच पाण्यात उभे आहेत, एवढं तिथं दिसतं.

दीर : तुम्हाला सोहळा दिसतो. २०१९ च्या ऑगस्टात मी बोटीत होतो, वहिनी. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला. चिखली-आंबेवाडीची माणसं माळ्यावरून, पत्र्यावरून खाली घेतली. शिरोळ तालुक्यात जनावरं दावणीला मेली. पादुकांवरून गेलं तेच पाणी पुढं लोकांच्या गोठ्यात शिरलं. एका म्हातारीनं बोटीत बसताना हातातला नारळ पाण्यात सोडला, म्हणाली, ‘आता माघारी जा गं बाई.’ बाई गेली नाही. नदीला कान नाहीत. पाऊस किती पडला, धरणातून किती सोडलं, पूररेषेच्या आत आपण किती घरं बांधली, एवढंच नदी ऐकते. शाहू महाराजांनी दुष्काळ बघितला आणि राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. ते नुसते हात जोडून बसले असते तर?

वहिनी : त्याच राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की खालचा सगळा नदीकाठ हात जोडतो. धरणानं हात जोडणं बंद पाडलं नाही. आणि त्या म्हातारीचं तुम्ही चुकीचं ऐकलंत असं मला वाटतं. तिनं नारळ सोडला, तिला पाणी उतरेल असं खरंच वाटलं असेल का? आख्खं आयुष्य नदीकाठी गेलं तिचं, पाणी कधी उतरतं हे तिला तुमच्या बंधाऱ्यापेक्षा जास्त कळतं. घर सोडून निघताना ती नदीला नुसती पाठ दाखवून गेली नाही. ओटी भरून, दोन शब्द बोलून गेली. घर बुडवणाऱ्याशीही बोलणं तोडायचं नाही, असं काहीतरी ते आहे. त्याला खुळेपणा म्हणा. मी भरवसा म्हणते. भरवसा म्हणजे पाणी उतरेल ही खात्री नव्हे.

दीर : मग भरवसा कशाचा? मी शब्दात पकडत नाही तुम्हाला, खरंच विचारतोय. मूल, तब्येत, पाऊस, पूर, हे सगळं तुम्ही एकेक करत सोडून दिलंत. देव देईल यावर तुमचा भरवसा नाही. मध्यस्थावर नाही. मोजण्यावर नाही. उरलं काय? कुणीतरी ऐकतंय, एवढंच. आणि त्याचाही पुरावा तुम्हाला नको. मला भीती वाटते ती इथं. असाच भरवसा धरून माणसं ताप आलेल्या पोराला दवाखान्याऐवजी बुवाकडं नेतात, अंगारा लावतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा दाभोलकरांचा जीव गेल्यावर आला. ‘तो ऐकतोय’ हे वाक्य तुमच्या तोंडी गरीब आहे. दुसऱ्याच्या तोंडी त्याचं दुकान होतं.

वहिनी : दुकानाला मी कुलूप लावीन, तुमच्याबरोबर येऊन लावीन. जो ऐकण्याचे पैसे घेतो, तो ऐकणारा नाही. पण उरलं काय म्हणून विचारलंत ते बरोबर विचारलंत. मलाही रात्री तोच प्रश्न पडतो. अंबाबाईच्या किरणोत्सवाला मी दर वर्षी जाते. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. संध्याकाळी आतले दिवे मालवतात. महाद्वारातून ऊन येतं, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, मग पायांवर. सगळे श्वास धरून. एखाद्या वर्षी ढग, धुरळा, नाहीतर वाटेत कुणाची पाण्याची टाकी, आणि ऊन उंबऱ्यावरच थांबतं. लोक म्हणतात, या वर्षी किरणोत्सव झाला नाही. देवी असते तिथंच. ती अंधारात असते एवढंच.

दीर : सूर्याचं गणित पक्कं आहे, म्हणून तुम्ही अडथळा टाकीचा म्हणू शकता. टाकी उतरवली की ऊन आत येतं, हे दाखवता येतं. महापालिकेनं अडथळे काढल्यावर ते आलंही. प्रार्थनेत टाकी कुठली, ते कोण दाखवणार? माझ्या मते पलीकडं मूर्तीही नाही. रिकामा गाभारा आहे आणि आपण इकडून उंबरे मोजतोय.

वहिनी : असेल. तसं निघालं तर मी कुणाशी बोलत होते हा प्रश्न माझ्यासमोर राहील, आणि त्याला उत्तर नसेल. हे मी तुमच्याशिवाय कुणाजवळ बोलणार नाही. पण आता मला विचारू द्या. अकरा दिवस तुम्ही घंगाळातलं पाणी बदललंत. बदलताना काय म्हणत होता?

दीर : काही नाही. खरंच काही नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटंही सांगणार नाही. पहिल्या दिवशी नाही, शेवटच्या दिवशी नाही. दवाखान्यातून फोन येऊन गेलेला असायचा, मी घंगाळ मोरीत ओतायचो, धुवायचो, भरायचो. पण एक दिवस चुकवला नाही.

वहिनी : ते पोचलं असेल.

दीर : पोचलं असेल तर तुम्हाला, वहिनी. दाराआडून पाण्याचा आवाज तुम्ही ऐकत होता.

वहिनी : ऐकत होते. रोज वाट बघत होते त्याची.

दीर : ते घंगाळ आहे का अजून?

वहिनी : आहे. माडीवर कौल फुटलंय, गळतं तिथं ठेवलंय.